सतरा नंबरची तांबोशी

सांगून कोणाला पटायचं नाही, आणि पटवून घ्यायचा माझा आग्रहही नाही. पण बंदरालगतच्या प्रयोगशाळेत असा एक माणूस होता की माशाच्या पोटात बोट घालून तो त्या माशाने काल काय खाल्लं ते सांगायचा. सगळे त्यांना पोटमास्तर म्हणत. तेहतीस वर्षं त्यांचं एकच काम: मासा चिरायचा, पोट काढायचं, आतला ऐवज काचेच्या बशीत ओतायचा आणि चिठ्ठीवर लिहायचं, कोळंबी किती, खेकडा किती, ओळखू न येणारा लगदा किती. बोय चिखल चाळून खाते, पाकट शिंपले भरडतो आणि तांबोशी समोर येईल ते गिळते, हे त्यांना घरच्या माणसांच्या आवडीनिवडींसारखं पाठ होतं.

अडचण एवढीच की गेल्या हिवाळ्यापासून मास्तरांना बशीतलं दिसेनासं झालं होतं. अख्खा खेकडा दिसे, पण कोळंबीची मिशी कोणती नि माशाचा काटा कोणता, हे कळेना. त्यांनी ब्र काढला नव्हता. निवृत्तीनंतरही त्यांना टेबलाशी बसू देणारी प्रयोगशाळेची प्रमुख म्हणजे त्यांची सूनच होती. डोळ्यांचं तिच्या कानावर गेलं की खुर्ची गेलीच. मग घरी बसून काय करायचं, फ्रीज उघडून त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं?

म्हणून ते आठवणीने लिहू लागले. वारा दोन दिवस जोरात होता ना, मग कोळंबी वर आली असणार. लिहा कोळंबी. पाणी निवळ होतं, मग लहान मासे. बरेचदा ते खरंही निघे, आणि त्यामुळेच त्यांची भीड चेपली.

त्या सकाळी खोल पाण्यातून आलेल्या तांबोशांची पेटी होती. सतरा नंबरची चिरली, आत बोटं फिरवली, आतडं लागलं, यकृत लागलं, पोट काही लागेना. मास्तरांना वाटलं, कात्री चुकून चालली असणार, पोट कापून मोरीत गेलं असणार. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मासा घाईघाईने ट्रेमध्ये सारला आणि चिठ्ठीवर लिहिलं: कोळंबी तीन, खेकडा एक.

अकराच्या चहाला सून आली, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पेटी घेऊन आलेला बोटवाला स्टुलावर बसला होता.

"बाबा, सतरामध्ये बरंच सापडलं म्हणायचं," ती म्हणाली.

"बरंच?" मास्तरांनी कप खाली ठेवला. एवढ्यावर थांबले असते तर काय बिघडलं असतं. पण घाबरलेला माणूस जास्तच बोलतो. "अगं सूनबाई, मी मुद्दाम कमी लिहिलंय. नाहीतर मंडळी म्हणतील, म्हातारा चळला. त्या तीन कोळंब्यांतली मधली होती ना, ती जिवंत होती."

"पोटात?" बोटवाला म्हणाला.

"पोटात. आणि पोट असं गच्च, फुगलेलं. कात्रीचं टोक लावलं तर खेकडा स्वतःच बाहेर आला. एक नांगी वर करून माझ्याकडे बघतोय, जसं काही मीच त्याच्या घरात शिरलोय."

"मग त्याचं काय केलंत?"

"सोडला. एवढं सोसून आलेला जीव, त्याला बाटलीत कसा घालणार?"

बोटवाला गुडघ्यावर थाप मारून हसला. "काका, तुम्ही आमच्या बोटीवर या. जाळ्याची गरजच नाही, नुसत्या गप्पांवर मासे येतील."

सून हसली नाही. तिने ट्रे ओढला, सतरा नंबरचा मासा उचलून सासऱ्यांच्या हातात दिला आणि त्यांचं बोट धरून माशाच्या तोंडाशी नेलं. तिथे काहीतरी मऊ, गुळगुळीत, फुग्यासारखं लागलं. मास्तरांनी ते चाचपलं आणि त्यांचा हात तिथेच राहिला. खोलातून झपकन वर ओढलेल्या माशाच्या आतली हवा फुगते, पोट उलटं होऊन तोंडातून बाहेर येतं आणि खाल्लेलं सगळं समुद्रातच सांडतं. नवीन माणसांना पहिल्याच आठवड्यात ते हेच दाखवत आले होते. सुनेलाही त्यांनीच दाखवलं होतं.

बोटवाल्याने आपला कप उचलला आणि तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"खाण्याची सवय ठरलेली असते गं माशांची," मास्तर हळूच म्हणाले. "माझे अंदाज फारसे चुकत नाहीत."

"नाही चुकत. पण अंदाजच लिहायचा असेल तर मासा कशाला मारायचा? यंदा त्याने वेगळं काही खाल्लं असेल, तर ते कळायचं कसं?"

हे वाक्यही बहुधा मास्तरांचंच असावं.

"चष्म्यावर धुकं होतं आज," ते म्हणाले. "उद्या काच पुसून बसतो."

"खोटं," सून म्हणाली. "बाबा, तुम्हाला दिसत नाहीये."