मध्यंतरानंतरची गंमतपेठ

समुद्रापासून शेकडो मैल लांब बसून समुद्रकिनाऱ्याचं काय करावं हे सांगायचं म्हटलं की माणसाला भलताच हुरूप येतो. आमच्या केळंबे गावच्या नगरपरिषदेने गंमतपेठ पुन्हा उभी करायचं ठरवलं आणि लोकांकडून सूचना मागवल्या. गावात राहणाऱ्यांनी म्हणे जेमतेम चार-दोन दिल्या. आम्ही दिल्लीतल्या केळंबेकरांनी मात्र कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सदनात हॉल घेतला, माइक लावला, साबुदाणा वड्यांची सोय केली आणि सभेला अध्यक्षही नेमला. अध्यक्ष अर्थातच माझा थोरला भाऊ, शशिकांतदादा. मंत्रालयातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खुर्ची दिसली की त्याला राहवत नाही.

गंमतपेठ म्हणजे पुळणीला लागून असलेली एक लांबच लांब गल्ली. संस्थानच्या काळात बांधलेली. एका टोकाला आरसेमहाल, मध्ये मोठा पाळणा, उकडलेल्या शेंगांच्या नि बर्फाच्या गोळ्यांच्या गाड्या आणि दुसऱ्या टोकाला उघड्यावरचा रंगमंच. प्रेक्षक वाळूत सतरंज्या टाकून बसायचे. मे महिनाभर तिथे तीन अंकी नाटकं व्हायची, ती पहाटेपर्यंत चालायची. दादा आणि मी दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलो, पण मे महिन्यात रजा टाकून केळंबं गाठायचं हे ठरलेलं. पुढे नाटकं थांबली, पाळणा गंजला, आणि आता आरसेमहालात एकही आरसा नाही असं ऐकते.

दादाला त्या नाटकांचे तिसरे अंक तोंडपाठ आहेत. घरी पाहुणे आले की तो एखादं स्वगत म्हणून दाखवतो आणि मग वहिनीकडे बोट करून ठरलेला विनोद करतो. "आमची हेमलता नाटकाला यायची ती शेंगा खायला! मध्यंतर झालं की बाईसाहेब घरी." पाहुणे हसतात, वहिनीही हसते. तिचं लग्न झाल्यापासून मी हा विनोद ऐकत आलेय आणि दर वेळी मला दादाच्या डोक्यात पळी घालावीशी वाटते. कारण वहिनी घरी का जायची हे मला ठाऊक होतं. केळंब्याच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. ते इतकं उघड होतं की कुणी कधी बोलूनच दाखवलं नाही.

सभेच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गुरुग्रामच्या घरी होते. सोळाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात वहिनी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "वन्सं, आज मी बोलणार आहे सभेत."

"बोल की! काय सुचवणार आहेस?"

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बायकांसाठी संडास."

स्वतःच्या स्वयंपाकघरात, सत्तरी ओलांडलेली बाई, तो शब्द उच्चारताना लाजत होती. मला हसू आलं आणि रागही आला.

"हसू नका," ती म्हणाली. "सगळे गावचे लोक असणार. ह्यांचे मित्र असणार. माझ्या तोंडून निघेल की नाही कुणास ठाऊक. पण आज नाही बोलले तर परत कधी कोण विचारणार आहे? पुन्हा तसंच बांधतील. पुन्हा बायका मध्यंतराला उठतील."

गंमतपेठेत पुरुषांचं काही अडत नसे. ते अंधारात पुळणीवर चार पावलं टाकून येत. बायकांनी काय करायचं? मी दुपारपासून पाण्याला शिवत नसे आणि हट्टाने पहाटेपर्यंत बसत असे. माझी गोष्ट निराळी, मी एकटा जीव. वहिनीची दोन बाळंतपणं झालेली. मध्यंतर झालं की ती इतर सुनांबरोबर कंदील घेऊन गावाच्या वरच्या आळीतल्या घराची वाट धरायची. एकदा घरात पाय ठेवला की कुणाचं मूल जागं, कुणाची सासू जागी. परत कोण येतंय.

दुपारी हॉल भरला. दादाचा मुलगा सिद्धांत गुरुग्रामच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने स्लाइड्स करून आणल्या होत्या. लेझर शो, फूड कोर्ट, सेल्फी पॉइंट. "बेसिकली, आपल्याला फुटफॉल वाढवायचा आहे," तो म्हणाला. दादाचे शाळासोबती विश्वासराव उठले आणि त्यांनी पुळणीवर कासवाचा भलामोठा पुतळा सुचवला. कासव का, असं कुणी विचारलं नाही. एकाने संगीत कारंजं सुचवलं. समोर अख्खा समुद्र आपटतोय आणि याला पाण्याचे फवारे हवेत! मी तसं मोठ्याने म्हटलंही, पण माझ्याकडे माइक नव्हता.

मग दादा बोलला आणि चांगलं बोलला, हे मान्य करायला हवं. रंगमंच होता तसाच हवा, वाळूत बसणारे प्रेक्षक हवेत, तिसरी घंटा हवी. "आपल्या गावाने अख्खं नाटक पाहायला शिकवलं," तो म्हणाला. "पहाटेपर्यंत एक माणूस जागचा हलत नसे!" टाळ्या पडल्या. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला ते सगळं खरंच तसंच आठवत होतं.

वहिनीने हात वर केला.

दादाने पाहिलं, आणि पाहुण्यांसमोर व्हायचं तेच झालं. "अरे वा! आमच्या सौभाग्यवतींना सूचना करायची आहे. शेंगांच्या गाड्या वाढवा म्हणणार! मध्यंतरापर्यंत पुरायला हव्यात ना." हॉल हसला. विश्वासराव तर मांडीवर थाप मारून हसले.

वहिनीचा हात खाली आला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणारच होते, पण तिने माझं मनगट धरलं. "तुम्ही नको," ती पुटपुटली. "माझं आहे, मीच बोलते." आणि पदर सावरत ती सरळ माइकपाशी गेली. सिद्धांतने माइक खाली करून दिला.

"मला शेंगा आवडत नाहीत," वहिनी म्हणाली. "कधीच आवडल्या नाहीत. तरी हातात घ्यायची, आणि त्या नाटक संपेपर्यंत पुरवायच्या असं ठरवायची मी. पण मध्यंतरालाच उठावं लागायचं, कारण तिथे बायकांना जायला जागा नव्हती." ती थांबली. मला वाटलं, संपलं, आता नाही निघत शब्द. मग तिने तो शब्द उच्चारला, आणि माइकमुळे तो हॉलच्या चारी भिंतींपर्यंत पोचला. "संडास नव्हता. मी गंमतपेठेत इतकी नाटकं पाहिली, पण तिसरा अंक एकाही नाटकाचा पाहिलेला नाही. लेझर करा, कासव करा, काय हवं ते करा. पण आधी तेवढं बांधा. उजेडात, आणि आतून कडी लागेल असं."

कुणी हसलं नाही. विश्वासराव म्हणाले, "पण पालिकेची एक जागा होती ना, आरसेमहालामागे?"

"ती पुरुषांची होती, काका," मागून प्रणिता म्हणाली. ही संरक्षण खात्यात आहे, आवाज खणखणीत. "आणि माझी आई नाटकाच्या दिवशी दुपारचा चहासुद्धा सोडायची. आम्हाला वाटायचं उपास असतो तिचा!" यावर बायका हसल्या, आणि मग जी एकेक बाई बोलायला लागली ती थांबेना. लग्नानंतर नुकतीच दिल्लीला आलेली एक मुलगी म्हणाली की गेल्या वर्षी ती केळंब्याला गेली होती, तेव्हा सूर्यास्त न बघताच परतली होती, याच कारणाने. तिच्या नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं.

दादा खुर्चीवरून उठला आणि सिद्धांतला म्हणाला, "सूचना पहिली. लिही. ती म्हणाली तसंच लिही, कडीसकट."

"बिल्कुल, बाबा," सिद्धांत म्हणाला आणि त्याने लेझर शो खाली सरकवला.

परतताना धौला कुआंला गाड्यांची नेहमीची रांग लागलेली. सिद्धांत गाडी चालवत होता, दादा त्याच्या शेजारी, वहिनी आणि मी मागे. वहिनी खिडकीबाहेर पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला उगीचच तिचा हात धरावासा वाटला. मी धरला.

दादा पुढे बघूनच म्हणाला, "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मग वहिनीनेच विचारलं, "अहो, ते पानिपतावरचं नाटक होतं ना? सरदाराची बायको वर्षानुवर्षं वाट बघते, सासू आंधळी झालेली, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक बैरागी दारात येऊन पाणी मागतो. पडदा पडला आणि मी उठले. कोण होता हो तो?"

दादाचा चेहरा उजळला. "नवराच! वेष बदलून आलेला. ती त्याला आवाजावरून ओळखते, त्याच्या पायावर कोसळते, सासू आशीर्वाद देते. काय स्वगत आहे त्यात! टाळ्याच टाळ्या."

"अच्छा," वहिनी म्हणाली. आणि जरा थांबून, "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"काही नाही. मी त्या रात्री घरी येऊन निजले तेव्हा मनात तिसरा अंक करून टाकला होता. प्रत्येक नाटकाचा करायची. दुसरं काय करणार?"

आरशात मला सिद्धांतचे डोळे दिसले. "आई, यार, तू हे कधी बोलली नाहीस!"

"माझ्या अंकात तो तिचा नवरा नसतोच," वहिनी म्हणाली. "पाणी देताना तिला त्याचे हात दिसतात आणि कळतं, हा भलताच कुणी आहे. पण तेवढ्यात आतून आंधळी सासू विचारते, 'माझा बाळ आला का गं?' आणि ही उंबऱ्यात उभी. मग ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, 'हो, आले. आत या.'"

पुढची गाडी सरकली होती. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते आणि सिद्धांत गाडी हलवत नव्हता. दादाने पट्टा सोडला आणि सीटवर गुडघा टेकून तो पूर्ण मागे वळला, वाळूत बसलेल्या प्रेक्षकासारखा तोंड उघडं टाकून.

"मग?" तो म्हणाला. "पुढे काय होतं गं?"