आतलं पोतं, बाहेरचं पोतं

शालीकरामची एक खेप वाचणार होती. एक खेप म्हणजे अर्धा तास वल्हवणं आणि गोंदियाच्या टेम्पोवाल्याचे दोन टोमणे. एवढ्या कमाईसाठी त्याने माझ्यात सात पोती शिंगाडे भरले, वर बायकोला बसवलं आणि मग स्वतः चढला. मला कोणी विचारलं नाही.

मित्रांनो, मी आंब्याच्या एका खोडातून कोरलेला जुना डोंगा आहे. अर्जुनी मोरगावकडच्या एका तलावात माझं आयुष्य गेलं. मी तरंगतो तो लाकडाच्या पुण्याईने नव्हे, पोटातल्या पोकळीने. मी जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढंच वजन पाणी मला उचलू देतं. त्याहून एक शिंगाडाही जास्त नाही. पाण्याएवढा चोख व्यवहार मी माणसांत पाहिला नाही.

शालीकरामचे वडील उन्हाळ्यात मला दगड भरून पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे लाकूड तडकत नाही. शालीकराम हुशार. वाळला की डोंगा हलका होईल, असं म्हणून त्याने मला यंदा दोन महिने काठावर उन्हात टाकलं. मी हलका झालो, आणि माझ्या वरच्या कडेच्या चार बोटं खाली तडकलोही. त्याने चिरेत डांबर भरलं. सगळे म्हणाले, पक्कं काम.

रोजच्या ओझ्याला ती चीर पाण्याच्या वर राहायची. त्या दिवशी ती पाण्याखाली गेली. तलावाच्या मधोमध डांबराचा खपला निघाला आणि गार पाणी माझ्या पोटात यायला लागलं. आत आलेल्या पाण्याचं वजन वाढत होतं, मी आणखी खाली जात होतो, आणि खाली गेलो की पाणी आणखी जोरात येत होतं. लाकडाचाही थरकाप उडतो, हे मला तेव्हा कळलं.

"अवो, डोंगा दबून राहिला," शालीकरामची बायको रुख्मा म्हणाली. ती आमच्याच भागातल्या प्रतापगड डोंगराच्या पायथ्याकडची लेक. तिला पोहता येत नव्हतं.

"तुले तर चुलीवरच्या गंजातल्या पाण्याचंही भेव लागते," शालीकराम म्हणाला. मग त्याने खाली पाहिलं. पाणी त्याच्या घोट्यावर आलं होतं. तो डब्याने उपसायला लागला. एक डबा बाहेर जाई, दोन डबे आत येत.

"पोते पाण्यात सोडा," रुख्मा म्हणाली.

"आठ दिवसाची तोडणी पाण्यात टाकू?"

"टाका कोण म्हणते? बाजूनं लटकवा. रोज शिंगाडे धुताना पाण्यात पोतं एका हातानं हालते. काठावर आणलं का दोघांले उचलत नाही."

शालीकरामकडे दुसरा उपाय नव्हता, म्हणून त्याने ऐकलं. दोर दोन पोत्यांपुरताच होता. एक डावीकडे बांधलं, एक उजवीकडे. आणखी दोन रुख्माने दोन्ही हात पसरून माझ्या काठांबाहेर धरली. बुडालेल्या पोत्यांचा बहुतेक भार पाण्याने स्वतःवर घेतला. मी बोट बोट वर आलो. चीर उघड्यावर आली. शालीकरामने आतलं पाणी उपसलं आणि वल्हं हाती घेतलं.

रुख्मा डोळे मिटून बसली होती. शिंगाड्याचे काटे पोत्यातून तिच्या तळहातांत शिरत होते. एक पोतं सोडलं असतं तर मी कलंडलो असतो. तिने सोडलं नाही. काठ येईपर्यंत तिचं थरथरणं माझ्या लाकडाला कळत होतं.

मित्रांनो, डोंग्यात ओझं भरताना जागा किती उरली ते पाहू नका. काठ पाण्याच्या किती वर उरला ते पाहा. आणि घाबरणाऱ्या माणसाला हसण्याआधी एकदा खाली बघा.

काठावर टेम्पोवाला ओमेश म्हणाला, "क्या बात है शालीकराम, सगळं एकाच खेपेत?"

"डोकं लागते भाऊ," शालीकराम म्हणाला.

रुख्मा माझ्या काठावर बसून सुईने काटे काढत होती. तर हिशेब असा: शालीकरामची खेप वाचली, ओमेशचा वेळ वाचला, मी बुडालो नाही. रुख्माच्या हातांतून बावीस काटे निघाले, आणि पुढचे अकरा दिवस तिने भात चमच्याने खाल्ला.