खंडेनवमीचं कुंकू

मित्रांनो, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलाखालची जी पत्र्याची पेटी तुम्ही पाय टेकवायला घेता, ती मी. तुमच्या बुटांचा चिखल माझ्या झाकणावर वाळला आहे. एकेकाळी मला वॉटर बाथ म्हणत. पोटातलं पाणी एकाच उष्णतेला धरून ठेवायचं, हे माझं काम. पाणी जरा निवलं की मी आपोआप हीटर चालू करायचो, तापलं की बंद करायचो. कोणी राखणीला बसायची गरज नसे.

परभणीच्या या कॉलेजात संशोधन सहायकाची एक जागा निघाली आणि मानवतच्या महादेवीबाई तिच्यावर आल्या. तापावरचं औषध कोणत्या उष्णतेला लवकर आणि जास्त तयार होतं, हे त्यांना शोधायचं होतं. तयार यंत्र कॉलेजकडे नव्हतं. मग त्यांनी गावच्या भुजंग पत्रेवाल्याकडून मला बनवून घेतलं आणि पाणी ढवळायला जुन्या पंख्याची मोटर बसवली. पाहुणे आले की विभागप्रमुख दत्तराव सर मला दाखवत. "आपुनच चालतंय बगा," म्हणत. तेव्हा मला लय बरं वाटायचं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती. बंद असला की कॉलेजला कुलूप लागायचं आणि प्रयोग मागे पडायचा. असं करत शेवटचा प्रयोग दसऱ्याच्या तोंडावर आला. दसरा झाला की लगेच विद्यापीठाची समिती येणार होती. आकडे जुळले तर जागा पुढे चालू, नाही तर महादेवीबाईंनी घरी बसायचं.

खंडेनवमीच्या सुट्टीला गावी जाताना त्या म्हणाल्या, "सर, बाकीच्या मशिनी पुजा, पन ह्याला बंद करू नका. आत औषध चालू हाय."

"आमाला कळत न्हाई का? जावा तुमी," दत्तराव सर म्हणाले.

काय कळत होतं ते मी सांगतो. नवमीला "हत्याराला आज सुट्टी असती" म्हणत त्यांनी सगळी बटणं बंद केली, माझंसुद्धा. मला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला आणि निघून गेले. माझं पाणी गार पडत गेलं. त्यात ठेवलेल्या बाटलीतलं औषध अर्ध्यावर रेंगाळलं. संध्याकाळी सरांना आठवण झाली, तेव्हा येऊन गुपचूप बटण दाबलं.

समितीसमोर आकडे बसेनात. महादेवीबाईंनी सरळ विचारलं, "सर, नवमीला हे बंद केलं होतं का?"

"बंद कोन करतंय? नुसतं कुंकू लावलं. पत्र्याचा डबा हाय, बिघडला असंल."

मला वाचा असती तर त्या माणसाला मी तिथल्या तिथे खोटं पाडलं असतं. कसली पूजा आणि कसलं काय! समितीनं प्रयोग पुन्हा करायला वेळ दिला नाही आणि जागा गेली. जाताना महादेवीबाई माझ्यापाशी आल्या. झाकणावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "तुझ्यावर भरवसा टाकला, चुकलंच माझं." ते वाक्य अजून माझ्या गळ्याखाली उतरलेलं नाही.

दत्तराव सर हार घालून, शाल घेऊन निवृत्त झाले. मी टेबलाखाली गेलो. तरी दर खंडेनवमीला तुम्ही मला ओढून काढता, पुसता आणि कुंकू लावता. नको मला ते. चालू यंत्राला हात लावण्याआधी ज्याचं काम आहे त्याला विचारा, आणि चुकलात तर तोंडानं कबूल करा. एवढी कदर मला पुष्कळ झाली.

आणि तुमच्यातलं कोणी मानवतला जाणार असेल, तर महादेवीबाईंना गाठून सांगा. मी बिघडलो नव्हतो, मला बंद केलं होतं.