चंद्रावतीची सही

चंद्रावतीनं सूप खाली ठेवलं नाही. तांदूळ पाखडतच तिनं विचारलं,

"काऊन आलीस?"

सुलोचनाबाई फाटकाशीच थांबल्या. नऊ वर्षांत त्यांनी या अंगणात पाय ठेवला नव्हता. शाळेतून घरी येणाऱ्या संजूला पैशासाठी पळवून नेऊन मारलं, म्हणून त्यांच्या प्रफुलला फाशीची शिक्षा झाली होती. संजू हा चंद्रावतीचा एकुलता एक मुलगा. पार दिल्लीच्या कोर्टानंही फाशी कायम केली, तरी सुलोचनाबाई सौंदड गावभर एकच सांगत राहिल्या होत्या, की माझ्या पोरानं काही केलं नाही.

आता राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, एवढंच उरलं होतं.

"तुही सही पाहिजे होती," त्या कशाबशा म्हणाल्या. "गोंदियाचे वकीलसाहेब म्हणे, गेलेल्या पोराच्या मायची सही असली त तिकडे काही विचार होईल."

"मंग सुटते का तो?"

"नाही. राष्ट्रपतीले सोडताही येते म्हणे, पन मनानं नाही, सरकार सांगेल तसं. अन् असा गुन्हा कोनी सोडत नाही. फाशीची जन्मठेप झाली तरी लय झालं."

"अन् त्यानं मारलं, ते?"

सुलोचनाबाईंनी पिशवीतून अर्जाचा कागद काढला.

"ते खोडता येत नाही. सजा कमी होते. निकाल तसाच राहते."

सूप थांबलं. दाणे टिपायला आलेली कोंबडी चंद्रावतीनं हाकलली नाही.

"म्हणजे तू त्याले भेटाले जाशील."

"हो."

"मी कुठं जाऊ?"

सुलोचनाबाई तिथंच धुळीत बसल्या आणि तिच्या पायांकडे सरकल्या.

"पाय नोको धरू माहे."

चंद्रावती आत गेली. बऱ्याच वेळानं पेन घेऊन आली. उंबऱ्यावर बसून तिनं एकेक अक्षर जोडत सही केली, पण कागद पुढे केला तरी हातातून सोडला नाही.

"तो जिता राहिला त एक विचारजो त्याले. शेवटी माह्या संजूनं मले हाक मारली का?"

सुलोचनाबाईंच्या ओठांवर नऊ वर्षांचं तेच वाक्य आलं, की माझ्या पोरानं काही केलं नाही. सही तर झाली होती. कागदाचं एक टोक त्यांच्या मुठीतही होतं.

"विचारीन," त्या म्हणाल्या.