मुलुंडच्या गाडीला हीटर

मित्रांनो, मी एक जुनी, दुधी रंगाची मोटार आहे. मुलुंडला, डोंगराच्या बाजूच्या सोसायटीत राहते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आता जग बघायचं. माझं जग निघालं मुलुंड ते घाटकोपर, आणि गणपतीला एकदा कोकण. तरी माझी तक्रार नाही. माझे मालक चंद्रप्रकाशकाका, त्यांनी मला पोटच्या मुलीसारखं जपलं. गोंधळ झाला तो त्या जपण्यातूनच.

त्यांची खरी मुलगी श्रुतिका लग्न करून कॅनडाला गेली. यंदा डिसेंबरात ती फोनवर सहज म्हणाली, की इकडे गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर सकाळी सुरूच होत नाही. दुसऱ्याच दिवशी काका हीटर घेऊन आले. तो माझ्या नाकासमोर ठेवला आणि गॅरेजचं शटर ओढलं. मला काही कळेना. मुलुंडची थंडी ती केवढी? पाहुण्यासारखी येते आणि चहा पिऊन जाते. रत्नप्रभाकाकूंनी विचारलं, गाडीला शाल पण पांघरायची का. काका म्हणाले, श्रुतिका उगाच सांगेल का. मग मीही धरून चालले, की मी आजारी असणार.

रोज सकाळी मला धुवायला शेवंती यायची. काका मला बाहेर काढायचे आणि ती नळाखाली बालदी लावायची. रात्रभर टाकीत गारठलेलं पाणी ते. सोसायटीतल्या बाकीच्या गाड्याही तीच धुवायची. या धंद्यात एक दिवस गाडी धुवायची सोडली, की ते काम दुसऱ्याकडे गेलं. म्हणून शेवंती सुट्टी कशी ती घेत नसे. यंदा तिच्या बोटांना भेगा पडल्या. फडकं पिळताना ती श्वास रोखून धरायची. मला ते दिसायचं, पण मला तोंड नाही. हॉर्न आहे, तो दुसऱ्यानं वाजवायचा असतो.

एका सकाळी काकांना माझ्या बॉनेटवर लालसर ओघळ दिसला. ते भडकले. कुणाची गाडी घासली, वॉचमन काय करत होता, असं बरंच बोलले. शेवंतीनं हात पदराखाली घेतले.

"रंग नाही तो, काका. माझं बोट फुटलंय. पुसते मी."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हीटरकडे. ते माझ्याइतकेच गोंधळलेले दिसले.

"उद्यापासून पाण्यात हात घालू नकोस," ते म्हणाले.

शेवंतीचा चेहरा उतरला. "काका, माझ्या गाड्या जातील ओ."

"नाही जाणार. मी धुतो."

काकू कोकमतेलाचा गोळा घेऊन खाली आल्या. थंडीत तो दगडासारखा होतो. त्यांनी तो वाटीत घालून हीटरसमोर ठेवला. पातळ झाल्यावर स्वतः शेवंतीच्या भेगांत भरला. गॅरेजमध्ये शेवंतीचं स्टूल ठेवायला जागा हवी म्हणून मला बाहेरच ठेवलं. मी वाऱ्यात उभी राहून विचार करू लागले, नेमकं आजारी कोण होतं?

दुसऱ्या दिवशी काकांनी बालदीत हात घातला आणि झटकन काढला.

"पाणी गार आहे गं."

"मग?" काकू म्हणाल्या. "शेवंती काय कढत पाण्यानं धुवायची, असं वाटलं तुम्हाला?"

तेव्हापासून काकूंच्या गीझरचं पाणी लिफ्टनं खाली येतं. बोटांच्या भेगा भरेपर्यंत सगळ्या गाड्या काकांनीच धुतल्या, शेवंतीच्या नावानं. ती स्टुलावर बसून चुका दाखवायची, आणि काका निमूटपणे पुन्हा पुसायचे. एकही गाडी तिच्या हातून गेली नाही.

मित्रांनो, गाडी चकचकीत दिसली की लोक मालकाला शाबासकी देतात. जरा ती पुसणारे हातही बघत जा. काकांना अजून काच नीट पुसता येत नाही, पण रविवारी ते शेवंतीला फडकं घेऊ देत नाहीत. माझ्या काचेवर पांढरे ओघळ राहतात. राहू देत.