चार्जिंगच्या खोलीतलं वारं

आरिल्ये गावच्या शीतगृहात मी अकरा वर्षं रास्पबेरी निवडल्या, तेव्हा कुठे चार्जिंगच्या खोलीची किल्ली माझ्या हाती आली. पाच फोर्कलिफ्टच्या टनभर वजनाच्या बॅटऱ्या आणि त्यांची राखणदार मी, दोब्रिला. हंगामात संध्याकाळी पाचला फळांचे ट्रक दारात उभे राहतात. तोवर बॅटऱ्या भरल्या नाहीत, तर फळ उन्हात पाणी सोडतं आणि बागवाले आमच्या नावाने खडे फोडतात.

त्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस चार्जर अर्ध्यावर बंद पडला. बॅटरी भरताना गॅस सुटतो. त्याला ना रंग ना वास, पण तो साचला आणि एक ठिणगी पडली की छप्पर नदीपलीकडे जाईल. म्हणून छताला एक यंत्र लावलंय. गॅस वाढला की ते चार्जर बंद करतं. शहरातून तंत्रज्ञ आला, चार्जर आणि छताचं यंत्र तपासून दोन्ही ठणठणीत असल्याचं सांगून गेला.

"यंत्र ठणठणीत, मग चूक कुणाची, दोब्रिलाताई?" आमचा तरुण मालक रायको म्हणाला. "आज पुन्हा बंद पडलं तर किल्ली गोरानकडे."

गोरानकडे! जो स्वतःच्या गाडीची किल्ली आठवड्यातून दोनदा गाडीतच ठेवून दार लावतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौथ्या दिवशी मी एकही गोष्ट नजरेआड केली नाही. अंगठी, साखळी काढली. चष्मा, हातमोजे, एप्रन चढवले. चार्जर बंद असतानाच प्लग जोडले, मग बटण दाबलं. बॅटऱ्यांत पाणी घालायचं ते चार्जिंग झाल्यावर, म्हणून डबा बाजूला ठेवला. गॅस बाहेर जायला समोरासमोरच्या भिंतींत उंचावर दोन जाळ्या आहेत, त्यांच्या पट्ट्याही उघड्या दिसत होत्या. मग मधोमध खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण किल्ली जाईल या धाकाने मी हलत नसे.

मागच्या आठवड्यात याच खुर्चीवर आरपारच्या वाऱ्याने माझी मान आखडली होती. आमच्याकडे माणूस तापाला भीत नाही, आरपारच्या वाऱ्याला भितो. सगळ्या शीतगृहाला मी मानेचं रडगाणं ऐकवलं होतं. शेवटी शेजारणीने राकियात, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूत, भिजवलेलं फडकं बांधलं आणि गुण आला. तीन दिवस मान कशी मोकळी होती!

तीन दिवस. मान तीन दिवस बरी आणि चार्जर तीन दिवस आजारी. मी ताडकन उठले, खुर्ची भिंतीशी ओढली आणि तिच्यावर चढून मागच्या जाळीला हात लावला. वाऱ्याचा पत्ताच नव्हता.

घाई केली तरी प्लग ओढला नाही. आधी चार्जर बंद केला, दार सताड उघडलं आणि मागच्या बाजूला धावले. बाहेरून जाळीत एक जाडजूड जॅकेट ठासून कोंबलं होतं. शीतगृहात उणे वीस अंशांत घालतात ते. खिशावर नाव होतं वेलिमिर, आमचा सगळ्यात जुना फोर्कलिफ्टवाला.

"वेलिमिर!" मी अशी ओरडले की तो कॉफीचा कप घेऊनच धावत आला. "अरे, मला छपरासकट उडवायला निघाला होतास?"

"मी? अगं, सोमवारी तुला मान वळवता येत नव्हती. म्हटलं, तेवढं वारं अडेल."

"वारं अडलं आणि गॅसही अडला! आणि तू आत त्या गारठ्यात काय घालून फिरत होतास?"

"दोन स्वेटर," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

बायको गेल्यापासून सहा वर्षं हा माणूस कुणाशी धड बोलला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला, खोटं कशाला बोलू?

तो स्वतःच रायकोला घेऊन आला. मागोमाग निवडणाऱ्या सगळ्या बायका आल्या.

"चूक माझी," वेलिमिर म्हणाला. "काढायचं तर मला काढा, मालक. किल्ली तिच्याकडेच राहू द्या."

"स्फोट झाला असता, काका! माणसं मेली असती!" रायको कडाडला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "पण ताई, तुम्ही आरपारच्या वाऱ्यात बसलातच कशाला?"

"तेच तर!" बायका एका सुरात म्हणाल्या. तिथे गॅस कुणाला आठवतोय!

"चार्जिंग चालू असताना आत बसायचंच नाही," रायको म्हणाला. "बाहेरून काचेतून बघा. आणि काका, जॅकेट अंगात घाला."

जाळी मोकळी झाल्यावर चार्जर पुन्हा सुरू केला, तो अर्ध्यावर थांबला नाही. पाचला ट्रक आले तेव्हा पाचही बॅटऱ्या भरलेल्या होत्या आणि किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती.

शनिवारी खोलीच्या काचेसमोर, लिंडेनच्या झाडाच्या सावलीत, फळ्या ठोकून केलेला नवा बाक दिसला. वेलिमिर हातात हातोडी घेऊन बाजूला उभा होता.

"एवढा लांब कशाला केलास? मी तर एकटीच बसते."

"मोजूनच केलाय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मी बाकाच्या एका टोकाला बसले. "मग उभा का आहेस?"