सहा वाजताचं पाणी

"ताई, चांगला चालतोय की. कशाला काढताय?" विनेश वायरमनने तिसऱ्यांदा विचारलं. दिवाळीत पंपाला हा टायमर त्यानेच बसवला होता, माझ्या सांगण्यावरून.

"काढ," मी म्हटलं.

आईचं तेरावं कालच झालं होतं.

बाबा गेल्यावर ती चौलच्या वाडीत सात वर्षं एकटी राहिली. पुण्याला चल म्हटलं की म्हणायची, "तुझ्या सातव्या मजल्यावर सुपाऱ्या लावू?" पडली तर दाबायला मी दिलेलं गळ्यातलं धोक्याचं बटण तिने खुंटीला टांगून ठेवलं. "गळ्यात घंटा बांधायला मी काय गाय आहे?"

पावसाळा सोडला तर रोज सकाळी सहाला मात्र शेवाळलेल्या वाटेने विहिरीवर जाऊन पंप लावायची. पाणी आमची वाडी भिजवून पाटाने शेजारच्या कोकिळाकडे जायचं.

"आई, अंधारात पडलीस म्हणजे?"

"पडले तर पाणी जाणार नाही. कोकिळा येईल बघायला."

"ही काय व्यवस्था झाली?"

"काय वाईट आहे त्यात?"

फोनवर किती डोकं फोडलं मी. शेवटी न विचारता टायमर बसवून मोकळी झाले. आई महिनाभर धड बोलली नाही. "आता उठू कशाला?" एवढंच एकदा म्हणाली. मला तो हट्ट वाटला.

त्या मंगळवारी ती पहाटेच न्हाणीघरात पडली. सहाला पंप आपोआप सुरू झाला. कोकिळा दहाला फुलं द्यायला आली, तोवर सगळं संपलं होतं.

"मशीन लावलंय ते ठावं व्हतं," तेरा दिवस ती येईल त्याला सांगत होती, माझ्याकडे न बघता. "पन पाटात पानी दिसलं. म्हटलं, काकू उठल्या."

विनेश टायमर पिशवीत घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सहाला मी विहिरीवर गेले. पंपाच्या बटणावर हात ठेवला आणि तसाच राहिला. ते काही दाबवेना.

दहा मिनिटांत कुंपणाचं फाटक वाजलं. "काकू! ओ काकू!" करत कोकिळा धावत आली, आणि मला बघून थांबली. हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं.

"पानी न्हाय आलं," ती हळूच म्हणाली.

तिच्या एकाच पायात चप्पल होती.